काचेच्या अलीकडे

आमच्या कारखान्यात मधोमध एक काच आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं काम. नगरच्या एमआयडीसीत सर्किट बोर्ड जोडणारे असे लहान कारखाने बरेच. आम्ही जोडतो ते बोर्ड शेतपंपांच्या ऑटो स्टार्टरमध्ये बसतात आणि पार कोपरगावपर्यंत उसाला पाणी देतात. पलीकडचे बोर्ड परदेशात, कॉफीच्या यंत्रांत जातात. त्या देशाचा कायदा सांगतो की सोल्डरमध्ये, म्हणजे वितळवून पार्ट जोडायच्या तारेत, शिसं चालणार नाही. कायदा चांगलाच आहे. शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं, हे मला पलीकडच्या भिंतीवरची पाटी काचेतून वाचून कळलं. आमच्या भिंतीवर पाटी नाही.

पलीकडे धूर ओढणारे पंखे, हातमोजे, जेवायला वेगळी खोली. आमच्याकडे छताचा एक पंखा, तो धूर आमच्याच तोंडावर ढकलतो. एका हातात सोल्डरगन, दुसऱ्यात पार्ट धरला की तारेला हात उरत नाही, म्हणून आम्ही तार दातांत धरतो. शिशाची तार मऊ असते, तिच्यावर दातांच्या खुणा उमटतात. दुपारी डबाही त्याच टेबलावर उघडतो.

अलीकडच्या बाईने मात्र काचेपलीकडे पाऊल टाकायचं नाही. आमच्या पदराला चिकटलेला शिशाचा कण तिकडच्या बोर्डाला लागला तर माल विटाळतो. शिवाशिवीला विटून माझ्या पणज्याने देव बदलला, चर्चमध्ये जायला लागला. मला ती शिवाशिव पगारासकट परत मिळाली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर श्रीगोंद्याकडची एक मुलगी बसायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. तिनेही ती पाटी वाचली होती.

"मावशी, मला पलीकडं न्हाई का बसवणार? लई भ्या वाटतं ओ," ती म्हणाली.

मी तिला घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले.

"पलीकडे नाही जमणार, मावशी," मालक म्हणाले. "हिच्या हातांना, कपड्यांना शिसं असतं. एक बोर्ड नापास झाला तर सगळा माल परत येईल."

"हिच्या हाताला शिसं हाय, हे तुमीच म्हणताय, साहेब."

त्यांनी मोबाईल उचलला.

"मग आमच्या बाजूलाबी तीच तार आणा."

"ती महाग पडते. गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जाईल. आणि स्टार्टरला तशी सक्ती नाही."

माझं डोकं फिरलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग वागतं हे ठाऊक होतं. आमचे मालक त्याच्याही पुढे गेले. दुसऱ्याचा बाब्या जपायचा आणि घरच्याच लेकराला कार्टं म्हणायचं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या मालाच्या परदेशी खरेदीदाराचा तपासनीस आला. त्याच्याकडे कागदी काड्या होत्या. काडी घासायची, शिसं असेल तर ती गुलाबी होते. त्याने पलीकडचं टेबल घासलं, सोल्डरगनचं टोक घासलं, दाराची मूठसुद्धा घासली. मालक आणि मॅनेजर मागे मागे, हातात नारळपाणी. मी त्या मुलीला घेऊन काचेच्या दारात उभी राहिले. उंबरा ओलांडला नाही.

"साब, इसका हाथ भी देखो," तिचा हात पुढे करत मी म्हणाले.

तो सभ्य माणूस होता. थोडा ओशाळला, मग मॅनेजरशी इंग्रजीत बोलला. मॅनेजरने मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, त्यांचं काम फक्त त्यांच्या देशात जाणाऱ्या मालापुरतं आहे."

दाराशेजारच्या ट्रेमधली एक काडी मी उचलली आणि पोरीच्या हातातल्या डब्याच्या झाकणावर घासली. काडी गुलाबी झाली. ती मी त्याच्यासमोर धरली. त्याने पाहिली, मालकांकडे पाहिलं आणि पुन्हा बोर्ड मोजू लागला. त्या डब्यात मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. ती परदेशात जाणार नव्हती, एवढाच तिचा गुन्हा.

मालक मात्र घाबरले. दुसऱ्या दिवशी मुलगी मागच्या शेडमध्ये पॅकिंगला गेली. बायकांनी मला चहा पाजला, जिंकल्यासारखा. तिच्या खुर्चीवर लगेच नवी बसली, नुकतंच लग्न झालेली. तिच्या तोंडातली तार मी रोज ओढून काढते. ती हसते आणि पुन्हा दातांत धरते, कारण काम भरभर उरकायचं असतं. मालक रागावतात ते माझ्यावर, वेळ घालवते म्हणून.

परवा श्रीगोंद्याची ती बाळ घेऊन गेटवर आली. मुलगी झाली, गुटगुटीत, डोळे टपोरे. पलीकडच्या बायका हातमोजे काढून धावल्या, बाळ या कडेवरून त्या कडेवर फिरलं.

"मावशी, तुमी घ्या की. तुमच्यामुळं हाय ती," ती म्हणाली.

मी नळावर गेले. साबण लावून हात घासले, पुन्हा घासले. मग पलीकडच्या एकीकडून, त्यांना रोजच्या तपासणीला मिळतात त्यातली, एक काडी मागून घेतली आणि तळव्यावर फिरवली.

"लेकरू झोपंला आलंय, जा घरी," मी तिला म्हणाले आणि हात पदराखाली घेतले.