उजनीच्या गाळात एक उपदेशक

सोलापूर सोडून हायवेला लागलो तोच ह्यांना पहिला आध्यात्मिक धडा दिसला. पुढे उसाची ट्रॉली झुलत चालली होती. "पापाचं ओझं असंच असतं," हे म्हणाले, आणि ते ओझं नीट न्याहाळण्याच्या नादात आमची गाडी त्याला भिडता भिडता राहिली.

माझे यजमान निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे हौशी उपदेशक. रविवारच्या उपदेशासाठी ताजे दृष्टांत गोळा करायला आम्ही उजनीच्या फुगवट्याकडे (धरणाचं मागे पसरलेलं पाणी) निघालो होतो. टेंभुर्णीत चहाला थांबलो. चहावरची साय (ढोंगी भक्ती), टपरीपुढचं कुत्रं (चिकाटीची प्रार्थना), शेजारचा पंक्चरवाला (पश्चात्ताप), ह्यांच्या तावडीतून काहीच सुटलं नाही.

तिथून माझे धाकटे दीर शमुवेलभाऊजी यांचं गाव जवळ. मी म्हटलं, "जाता जाता डोकावू या का?"

"वेळ नाही."

भाऊजी आमची मंडळी सोडून टाळ्या वाजवून भक्ती करणाऱ्या मंडळीत गेले, तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. सासूबाईंच्या दफनविधीलाही दोघे दोन टोकांना उभे होते.

धरणाचं पाणी दिसलं आणि मी गाडीची काच खाली केली. केळीच्या बागा काठापर्यंत आलेल्या, मोटारींचे पाइप पाण्यात उतरलेले, आणि उथळ पाण्यात गुलाबी रोहित पक्षी, बगळे, बदकं.

"बघ," हे भारावून म्हणाले, "इतक्या जातींचे पक्षी, पण एका पंगतीत जेवतात! आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हे शिकायला हवं."

फोटो जवळून हवा म्हणून त्यांनी गाडी खाली उतरवली. बघता बघता पुढची चाकं गाळात गेली.

जाळं झाडणारा एक मच्छीमार म्हणाला, "ढकलून न्हाय निघायची. ट्रॅक्टर लागतोय. त्या केळीत शमुवेलअण्णाचा हाय की."

"दुसऱ्या कुणाचा?"

"न्हाय."

हे बॉनेटला टेकून उभे राहिले. ऊन कलायला लागलं. एवढा गाळ समोर असून एकही दृष्टांत सुचेना. शेवटी मीच केळीतून वाट काढत भाऊजींकडे गेले.

भाऊजी लगेच ट्रॅक्टर घेऊन आले. गाळात गुडघे टेकून त्यांनी गाडीला साखळी बांधली. मग मान वर न करताच विचारलं, "दादा, गिअर काडलाय न्हवं?"

"व्हय, काडलाय."

मुख्याध्यापक झाल्यापासून ह्यांच्या तोंडून 'व्हय' मी ऐकलं नव्हतं.

गाडी निघाली, आणि भाऊजींनी आम्हाला थेट घरीच नेलं. जाऊबाईंनी चिलापी (उजनीत मिळणारा मासा) तळली होती. ताटं वाढल्यावर भाऊजी म्हणाले, "दादा, तू प्रार्थना कर."

आता मासे गार होणार, असं मी मनात म्हटलं. "हे दयाळू पित्या..." ह्यांनी सुरुवात केली आणि पुढे शब्दच फुटेना. भाऊजींनी त्यांचा हात धरला आणि उरलेली प्रार्थना आपल्या पद्धतीने, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी पुरी केली. आमेन मात्र ह्यांचाच मोठा होता.

परतीच्या वाटेवर पुन्हा उसाची ट्रॉली आली, तर ह्यांनी नुसती गाडी बाजूला घेतली. मोहोळ आल्यावर म्हणाले, "शमू थकलाय गं."

देव सृष्टीत धडे मांडून ठेवतो, यावर माझाही विश्वास आहे. आम्ही त्यातले दुसऱ्यांना शिकवण्याजोगे तेवढे वेचून घेतो, इतकंच.

घरी पोचल्यावर चिखलाचे बूटही न काढता ह्यांनी फोन लावला. "पोचलो रे," म्हणाले. मग केळीच्या भावाची चौकशी झाली, ट्रॅक्टरच्या डिझेलचीही झाली, तरी फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.