प्रासिया म्हणजे वाफा

तीन वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय काही महिन्यांत सावरले, जीभ मात्र अडूनच बसली. तीस वर्षं परभणीत शाळेत विज्ञान शिकवलं, रविवारी चर्चच्या मंडळीत वचन सांगितलं, आणि आता माझं वाक्य पुरं होण्याआधी समोरचा माणूसच ते पुरं करून टाकायचा. मी बोलणंच सोडलं. प्रार्थनाही मनातल्या मनात, तीही रुसलेल्या माणसाची. ज्या जिभेनं तुझी सेवा केली तीच का नेलीस, एवढंच विचारायचो.

रिकामा वेळ जावा म्हणून आमच्या पाळकसाहेबांनी ग्रीकची पुस्तकं आणून दिली. बायबलातल्या नव्या कराराची मूळ भाषा. "बोलायची नाही सर, नुसती वाचायची," म्हणाले. मी रमलो. मार्कच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात, प्रभू येशूनं पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातलं त्या प्रसंगात, मला एक शब्द भेटला, प्रासिया. अख्ख्या नव्या करारात तो त्या एकाच वचनात येतो, आणि तोही जोडीनं, प्रासिया प्रासिया. आपण तिथं लोक पंक्तीपंक्तीनं बसले असं वाचतो. शब्दकोशात मूळ अर्थ होता भाजीचा वाफा. म्हणजे हिरव्या गवतावर माणसं वाफे वाफे करून बसली! अगदी आपण मराठीत म्हणू तसंच. गंमत वाटली, पण मार्कनं नेमका हाच शब्द का घेतला ते काही उमगेना. पाळकसाहेबांनाही ते लिहून दाखवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात बोरीजवळच्या एका वस्तीवर उपकारस्तुतीची सभा होती. आदल्या दिवशी पाळकसाहेबांना ताप भरला. त्यांचा फोन आला, "सर, तुम्ही जा. दहा मिनिटं बोला. तुमचा तो वाफाच सांगा." नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि 'ना' वरच अडलो. "ठरलं तर मग," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एसटीत बसून धास्तीनं कागद पाठ करत होतो. त्या नादात एक फाटा आधीच उतरलो. गाडी निघून गेली. कच्च्या रस्त्यानं चालत निघालो, तर एक सत्तरीची बाई कांद्याला पाणी देत होती. अनवाणी, हातात खोरं. मी रस्ता विचारला. तेवढं विचारायलाच मला मिनिटभर लागलं असेल. ती खोऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून निवांत उभी राहिली. मधे एकही शब्द पुरवला नाही.

"नीट जावा, म्होरं लिंबापसून डावीकडं," ती म्हणाली. "पानी पेता का? लय दमलाव. कशापायी निघालाव?"

बांधावर बसून तिच्या तांब्यातलं पाणी प्यालो आणि का निघालो ते, पाच हजारांच्या त्या जेवणासकट, सांगितलं. तिनं सगळी गोष्ट ऐकून घेतली. मग म्हणाली, "वाटायच्या आदी बसविलं व्हय?"

"हो मावशी. वाफे वाफे करून."

ती खुदकन हसली. "मंग बराबर हाय. वाफे न्हाई केले तर पानी उतारानं पळतंय. तोंडाशी हाय ते बुडतंय, कडंचं वाळतंय. वाफा बांदला की कडंचं रोपबी पेतंय."

"आणि रोपानं काय करायचं?"

"त्यानं काय करायचं? जाग्यावर ऱ्हायचं. पान्यामागं पळायलंय व्हय ते?" असं म्हणून तिनं एक बांध फोडला आणि पुढच्या वाफ्यात पाणी घेतलं.

लिंबापर्यंत आलो तेव्हा ध्यानात आलं की गेला अर्धा तास मी बोलत होतो, अडत होतो, आणि मला त्याची लाज वाटली नव्हती. दोन वर्षं मी पाण्यामागं, गेलेल्या त्या बोलण्यामागं, पळत होतो. एकदाही जागेवर राहून पाहिलं नव्हतं.

सभेत तिसऱ्याच वाक्याला जीभ अडली. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "सावकाश होऊ द्या सर, आमी बसलोय की!" सगळी मंडळी हसली. मीही हसलो, आणि वाक्य सुटलं. मी सांगितलं, गर्दीत शेवटचा माणूस कोण ते कळत नाही, वाफ्यात कळतं. भाकरी मोडण्याआधी प्रभूनं प्रत्येकाला बसायला जागा दिली. ती जागा देणं हाही चमत्कारच होता. दहा मिनिटांचं बोलणं पाऊण तास चाललं. कुणी उठलं नाही.

त्या दिवशी मी चुकीच्या फाट्यावर उतरलो की उतरवला गेलो, याचा वाद मी घालत नाही. जीभ अजून अडते. डॉक्टर म्हणतात, एवढं राहील. राहो. पाळकसाहेब बरे झाले तरी महिन्यातून एक रविवार मला बोलायला लावतात. एखाद्या शब्दाशी अडलो की मी डोळे मिटतो, आणि अख्खी मंडळी माझ्याबरोबर थांबते. पूर्वी घडाघडा बोलायचो तेव्हा देव माझं ऐकतो आहे असं वाटायचं. आता त्या थांबलेल्या क्षणी तो माझ्याशेजारी बसला आहे असं वाटतं. त्याचे उपकार मानायला मला तरी शब्द लागत नाहीत.