दार उघडलं की

दादा गेला त्या आठवड्यातली एक दुपार मनातून जात नाही. न्यूमोनिया म्हणून त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. मग डॉक्टर म्हणाले, "सेप्सिस झालाय. संसर्ग सगळ्या शरीरभर गेलाय, मूत्रपिंडंही थकलीत."

बाहेर बाकावर शेजारी एक बाई होत्या. त्यांच्या यजमानांच्या पायात साधा खिळा घुसला होता. पलीकडच्या आजोबांच्या सुनेचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर एकेकाला दाराशी बोलावत, आणि प्रत्येकाला तोच शब्द सांगत. माणसं निरनिराळ्या दुखण्यांनी आत गेली होती, पण मरण सगळ्यांना एकाच वाटेनं गाठत होतं.

"भाऊ, यातून उठतात का हो माणसं?" बाईंनी विचारलं.

"उठतात काही," मी म्हणालो.

थोड्या वेळानं त्यांना आत बोलावलं. परत येऊन त्या शेजारीच बसल्या.

"गेले," म्हणाल्या. "तुम्ही दोन घास खाऊन घ्या. तुम्हाला अजून थांबायचंय."

तेवढ्यात दार उघडलं. सवयीनं आम्ही सगळे उभे राहिलो. त्याही राहिल्या.