लीना, टारा आणि तात्यांची मिशी

मोबाईलच्या दुकानात काय साठतं? जुने चार्जर, फुटक्या काचा, मालक विसरून गेलेली कव्हरं. आणि किस्से! कव्हरं मी वर्षाअखेरीला फेकून देतो, पण किस्से फेकवत नाहीत. त्यात ह्या बोलणाऱ्या फोनांनी तर कहर केलाय. आधी माणसं फोनवर बोलायची. आता फोनशी बोलतात, आणि वर माझ्याशी भांडायला येतात, "बाळू, ही माझं ऐकत न्हाय!" आता तुमचं घरातसुद्धा कुणी ऐकत नसंल, तर त्याला मी काय करू?

अणदूरला स्टँडजवळ माझं दुकान. दुकानासमोरच्या बाकड्याचे दोन कायमचे मानकरी. एक विश्वनाथतात्या. जन्म सगळा बसवर कंडक्टर म्हणून गेला, आता रिटायर. मिशी अशी, की तिच्याकडं बघूनच लोक विनातिकीट चढायचे नाहीत. दुसरे मल्लिनाथ आप्पा, किराणा दुकानवाले. मराठी बोलता बोलता कानडीत कधी घुसतील त्यांचं त्यांनाच कळत नाही. मिशी ह्यांचीही झुपकेदार, फक्त तात्यांच्या मिशीपुढं जरा गरीब दिसते.

तात्यांना जावयानं फोन दिला. त्यातल्या बाईचं नाव लीना. आप्पांना पुण्याच्या पोरानं फोन पाठवला, दुसऱ्या कंपनीचा. त्यातली बाई टारा. झालं! दोन सवती एका बाकड्यावर आल्या.

पहिल्याच दिवशी तात्या लीनाशी बोलले ते थेट बसमधल्या आवाजात. "हॅलो लीनाऽऽ! आजचं हवामान सांगाऽऽ!" समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

लीना म्हणाली, "कृपया हळू बोला."

तात्या लालबुंद झाले. "आरं, भरल्या गाडीत मागच्या सीटपतुर आवाज जायचा माझा! आजवर एका पॅसेंजरनं मला हळू बोला म्हणलं न्हाय, आन् ही काल आलेली मला शिकवती?"

आप्पा गालातल्या गालात हसले. "माझी टारा बघ. लई नम्र." त्यांनी टाराला मेसेज सांगितला. तिनं विचारलं, "पाठवू का?"

"हौदु," आप्पा म्हणाले. कानडीत म्हणजे हो.

टारा अदबीनं म्हणाली, "जवळपास एकही हौद सापडला नाही."

*

आप्पांचा आणखी एक घोळ म्हणजे आकडे. बाकी सगळं मराठीत, पण मोजायचं म्हटलं की कानडी. दुकानात तागडी धरूनच वाढलेला माणूस, हिशेब तोंडात बसलाय तो कानडीतच.

आप्पांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं. म्हणजे घरी बंद! शेजारच्या हॉटेलातली भजी माझ्या काउंटरच्या आडून चालू. एकदा बशी समोर आली, तसं आप्पा टाराला म्हणाले, "ऐदु मिनिटांनी सांग गं, घरी जायचंय." ऐदु म्हणजे पाच.

टारानं ऐकलं 'आईला'. म्हणाली, "आईला फोन लावत आहे."

आता फोन सेट केलेला पोरानं. म्हणजे त्यातली 'आई' कोण? आप्पांची बायको! आप्पांचं लक्षच नाही. ते भज्यात. एक तोंडात, एक हातात, आणि मला म्हणतात, "बाळू, आजून एक प्लेट सांग. मिरचीचीबी सांग. घरी कुणाला काय कळतंय?"

काउंटरवर ठेवलेल्या फोनातून आवाज आला, "सगळं कळतंय!"

आप्पांच्या हातातलं भजं खाली पडलं. ते उचलून खाल्लं मात्र.

*

हसण्यात तात्या सगळ्यात पुढं. पण त्यांच्या घरचीही गंमत ऐका.

तात्यांची बायको, तिला आम्ही जिजी म्हणतो, नवऱ्याचं नाव घेत नाही. जुनी पद्धत. तिच्या फोनातसुद्धा तात्यांनी लीना चालू करून दिलेली, लिहिता-वाचता येत नाही म्हणून. एक दिवस जिजी म्हणाली, "ह्यांना फोन लाव बाई."

"'ह्यांना' हा संपर्क सापडला नाही."

"आगं, आमच्या ह्यांना!"

"'आमच्या ह्यांना' हा संपर्क सापडला नाही."

जिजी वैतागली. "आगं बये, मालकाला लाव, मालकाला!"

आता माझा नंबर तात्यांनी तिच्या फोनात सेव्ह केलेला, 'बाळू दुकान मालक'. मी घरी जेवायला बसलेलो. हात खरकटा म्हणून फोन स्पीकरवर टाकला. बायको पोळी वाढत होती. फोनमधून प्रेमळ आवाज आला, "आवं, ऐकलंत का? येताना कोथिंबिरीची जुडी आना, आन् लवकर या, म्या वाट बघतीय."

बायकोनं पोळी परत डब्यात ठेवली.

त्या दिवशी मी कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या. एक जिजीला दिली आणि एक घरी. घरी नुसत्या जुडीवर भागलं नाही, जिजीला प्रत्यक्ष बोलावून साक्ष द्यायला लावावी लागली.

मग मीच जिजीला तोड सुचवली. "जिजी, नाव नुसतं घेत नाही ना? मग उखाण्यात घ्या!" जिजी आधी लाजली. मग पदर सावरून फोनसमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"तुळशीला घालते पाणी, दारात काढते रांगोळी,
विश्वनाथरावांना फोन लाव, करपायला लागली पोळी!"

लीना म्हणाली, "विश्वनाथरावांना फोन लावत आहे."

पहिल्याच झटक्यात! तेव्हापासून प्रत्येक फोनला नवा उखाणा. गल्लीतल्या बाया कामं टाकून ऐकायला येतात. आणि तात्या मिशीला पीळ देत सांगत फिरतात, "लग्नात एकदा नाव घेतलं व्हतं हिनं. आता दळण आणायचं आसलं तरी घेती!" खरं सांगतो, म्हातारपणी तो माणूस इतका खूश मी कधी बघितला नव्हता.

*

तात्यांचे व्याही ईट गावाला असतात. त्यांना जेवायला बोलवायचं होतं. तात्या बाकड्यावर बसून लीनाला मेसेज सांगत होते, आणि समोर रस्त्यात कुणाचीतरी सुटलेली शेळी गाड्यांच्या मधे आलेली. त्यांना वाटतं, फोनशी बोलताना मधे दुसऱ्याशी बोललं तर फोनला कळतं.

"व्याहीबुवा, रविवारी जेवायला या. बाळू, चहा सांग की रं! सगळ्यांना घिऊन या. आरं ती शेळी धरा कुणीतरी, धरा, कापून घ्यायचीय का रस्त्यात? वाट बघतो. पाठव."

लीनानं इमानदारीनं सगळं पाठवलं. शेळीसकट.

थोड्या वेळानं व्याह्यांचं उत्तर आलं, "जरूर येतो. पण शेळी कशाला कापता, कोंबडी चालंल."

*

तर असं सगळं चाललेलं असताना एक दिवस वाद टोकाला गेला. लीना हुशार का टारा? आप्पा म्हणाले, "तुझी लीना शेळ्या पाठवती." तात्या म्हणाले, "तुझी टारा बायकोला चहाड्या सांगती." शब्दानं शब्द वाढला. बाकड्याभोवती गर्दी जमली. शेवटी आप्पा ताडकन उठले. "लाव पैज! एकच प्रश्न. ज्याची चुकंल त्यानं मिशी उतरायची!"

मी काउंटरमागून बाहेर आलो. कारण तात्यांचे वडील, दादाबा, नव्वदीच्या पुढचे, घरी ओट्यावर ठणठणीत बसलेले. आपल्याकडं बाप गेल्यावर मिशी उतरवतात. बाप असताना कोण उतरवतं? मी म्हणालो, "तात्या, नाद सोडा. हरलात तर गाव काय समजंल? आणि दादाबा काय म्हणतील?"

तात्यांचा हात मिशीवर गेला. जरा चलबिचल झाली, मला दिसली. पण आप्पा समोर हसत उभे. तात्या म्हणाले, "हरतंय कोण? इचार!"

प्रश्न ठरला, "खंडोबा आत्ता कुठाय?"

आता हा प्रश्न फक्त आमच्या गावाचा. आमचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गाला मुक्कामाला जातो आणि मग वाजतगाजत परत येतो. तेव्हा देव नळदुर्गाला होता. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आधी तात्यांची पाळी. हळू आवाजात, हात जोडून विचारलं त्यांनी. लीना म्हणाली, "खंडोबाचे प्रसिद्ध मंदिर जेजुरी येथे आहे."

"आगं जेजुरीचा जेजुरीला! आपला कुठाय?" तात्या ओरडले. पण उत्तर गेलेलं.

मग आप्पांनी टाराला विचारलं. स्क्रीनवर गोल नुसतं फिरतंय. सकाळी आप्पा टेम्पोतनं नळदुर्गाकडं माल आणायला निघालेले, तेव्हा टाराला त्यांनी रस्ता विचारला होता, आणि तो नकाशा बंद करायचाच राहिला होता, हे मला थोड्या वेळानं फोन हातात आल्यावर कळलं. तेव्हा कुणाला काय माहीत? टारा एकदम खणखणीत बोलली,

"सरळ पुढे जा. नळदुर्ग."

"येळकोट येळकोट जय मल्हार!" गर्दीनं आप्पांना उचललं. एका आजोबांनी तर टाराला हळद लावली. स्पीकरच्या भोकात गेलेली ती हळद मी ब्रशनं अजून काढतोय.

मी नकाशाचं सांगून बघितलं, पण ऐकतो कोण? सलूनवाल्या पिंटूला बोलावलं. बाकड्यावरच कार्यक्रम. वस्तरा लागला तसं तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "बाळू, बाबाला कळलं तर मला घरात घ्यायचा न्हाय रं." मलाही वाईट वाटलं. आप्पा मात्र टाळ्या वाजवत होते.

*

दादाबांची नजर अधू. त्यामुळं रात्र निभावली. सकाळी तात्या तोंडाला उपरणं गुंडाळून दुधाला गेले. दूध घेताना उपरणं सुटलं. समोर शेजारचे भानुदासकाका. तात्यांच्या तोंडाकडं बघून ते मटकन खालीच बसले.

"कधी झालं?"

तात्यांना वाटलं, पैजेचं विचारतायत. म्हणाले, "कालच. सांजच्याला."

"लई तरास झाला का?"

"तरास कसला, दोन मिंटांत मोकळं."

"जवळ कुणी व्हतं का?"

"आप्पा व्हता की. टाळ्या वाजवत व्हता."

काकांनी कपाळाला हात लावला आणि आप्पांना शिव्या घालत गावभर निरोप दिला.

तासाभरात दारात ही गर्दी! शेजारच्या गावाहून तात्यांच्या दोघी बहिणी जीप करून आल्या, वेशीपासूनच हंबरडा फोडत. रिवाजाप्रमाणं भावकीनं घरून पिठलं-भाकरी करून आणलेली. आणि ओट्यावर बाजेवर दादाबा बसलेले! एवढी माणसं रडताना बघून त्यांनाही रडू फुटलं. "कोण गेलं रं? आरं, सांगा की कोण गेलं?"

सांगणार कोण? थोरली बहीण बापाला बघून किंचाळली ती धाकटीच्या अंगावरच पडली. दादाबांनी तेवढ्यात समोरचं ताट ओढलं. "कुणाचं का आसंना, पिठलं झ्याक झालंय."

आप्पा धापा टाकत आले. मागं मी. मग सगळं बाहेर पडलं. लीना, टारा, खंडोबा, पैज. तात्या खाली मान घालून उभे, उघड्या ओठावर हात ठेवून. बहिणी रडायच्या थांबून भावाला शिव्या द्यायला लागल्या. दादाबा सगळं ऐकत भाकरी चावत होते. मग म्हणाले, "ह्या दोन डबड्यांपायी मला मारला व्हय? आणा हिकडं. म्या इचारतो."

आप्पांचा फोन मी त्यांच्या तोंडासमोर धरला.

"ए बाई, म्या जित्ता हाय का?"

टारा म्हणाली, "माफ करा. याबद्दल मला काहीही माहिती मिळाली नाही."

बहिणींनी पदर तोंडाला लावला. दादाबा म्हणाले, "आता ती दुसरी आण."

तात्यांनी फोन पुढं केला.

"ए बाई, म्या जित्ता हाय का?"

लीना म्हणाली, "हो, बोला. मी ऐकतेय."

दादाबांनी हातातला भाकरीचा तुकडा आप्पांच्या मिशीवर रोखला.

"पिंटूला बोलवा रं!"