आत्येची घरपट्टी

घरपट्टी वाढली की आमच्या गावात खरा ओरडणारा एकच माणूस, तो म्हणजे मी. बाकीचे तिठ्यावर चहा पिता पिता कुरकुरतात, पंचायतीला दोन शिव्या हासडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या नंबरला जाऊन भरून येतात. मला त्यांचा असा संताप यायचा! तीस वर्षं मी लाल गाडीवर कंडक्टर होतो. सुट्ट्या रुपयावरून मालवणला सुरू झालेलं भांडण मी कुडाळपर्यंत नेलेलं आहे. कुणी हातात बिल ठेवलं की आधी 'कशाचं?' असं विचारायचं, ही माझी सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

गाव आमचा मालवणला लागून. आता धड गाव नाही आणि धड शहरही नाही. जिथे भात लावायचे तिथे चिऱ्याचे बंगले उठले, निम्म्या बंगल्यांत पर्यटकांना खोल्या मिळतात, आणि त्या बंगल्यांबरोबर आमच्यासारख्यांची घरपट्टीसुद्धा चढत गेली. तरी लोक भरतात. का भरतात, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. आमच्याकडे जमीन एकट्याची नसते. सातबारा काढून बघा, नावांची जत्रा भरलेली असते. पणजोबांच्या भावांची नातवंडं, मुंबईला गेलेले, वर गेलेले, ज्यांचं तोंड कुणी पाहिलं नाही असले हिस्सेदार. जमिनीवर बोट ठेवून 'ही माझी' म्हणायची सोयच नाही. म्हणता येतं ते घराला. आणि घर तुझं कशावरून? तर घरपट्टीची पावती तुझ्या नावाची आहे म्हणून.

म्हणून चाकरमानी चतुर्थीला आले की घराचं कुलूप काढायच्या आधी पंचायतीत जातात आणि वर्षभर बंद असलेल्या घराची पट्टी भरून मग आंघोळीला जातात. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप चहाचा कप खाली ठेवत हळूच विचारतो, "घरपट्टी कोणाच्या नावावर आसा?" हे सगळं मला पाठ होतं. तरीसुद्धा मी जे करून बसलो ते करून बसलो.

माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. पोटासाठी मुंबईला गेली आणि चाळीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक केला, त्यांच्याच स्वयंपाकघरात रात्री अंथरूण घातलं. सहा वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन परत आली आणि स्वतःच्या पैशांनी माझ्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी बांधली. चिरे उतरवले तेव्हा एकेका चिऱ्यावर बोटाच्या पेराने टकटक करून तिने पारखून घेतले, गवंडी कंटाळून बिडी ओढत बसला. पुढे चार पायऱ्या, पायऱ्यांच्या बाजूला अबोली. तिच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एक दार होतं. त्या दारातून रोज दुपारी बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे माशाच्या घट्ट झणझणीत कालवणाची, वाटी यायची. ते तिखलं खाल्लं की माणूस भांडणसुद्धा विसरायचा, अगदी माझ्यासारखा माणूस.

या खोल्या कागदावर कुठेच नव्हत्या. दर काही वर्षांनी पंचायत घरं नव्याने मोजते, तशी यंदा मोजणी निघाली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आत्येच्या खोल्या माझ्याच घर नंबरात धरणार, माझी पट्टी दीडपट होणार! गोठ्याला कर लागत नाही असं मी कुठेतरी ऐकलं होतं. झालं. मोजणीच्या सकाळी आत्या बाजाराला गेली आणि मी शेजाऱ्याची गाय मागून आणून तिच्या पायरीशी बांधली. ओटीवर गवताच्या पेंढ्या रचल्या, दारात शेणाची पाटी ठेवली. बायको कपाळाला हात लावून बघत होती.

पंचायतीच्या मॅडम टेप घेऊन आल्या. गायीकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"गोठ्याला पडदे?"

"गायीला उजेड सोसत नाही, मॅडम," मी म्हटलं.

मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. "तुम्ही सांगता तसं लिहिते. यादी लागली की ग्रामसभेत हरकत घेता येते," म्हणाल्या आणि लिहिलं, 'गोठा'. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आत्या आली तोवर गायीने अबोलीचा फडशा पाडला होता. मी फुशारकीने सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं हसेल. ती पिशवी खाली ठेवून उभी राहिली.

"काय लिवल्यान?"

"गोठो," मी म्हटलं. "कर वाचलो, आत्ये!"

"चाळीस वर्सां लोकांच्या घराची बेल वाजली काय दार मीच उघडलंय," ती म्हणाली. "'या, बसा, बाई आत आहेत,' इतक्याच बोललंय. 'येवा, घर आपलांच आसा' असा म्हणाक माका कदी गावला नाय. कित्याक? तर घर माझां न्हय. आता माझ्या पैशान माझां घर बांधलंय, तर तू मेल्या माका गोठ्यात नेवन बांधलंस?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं, त्या विद्येत मी कुणाला हार जात नाही. ती आत गेली आणि मधल्या दाराची कडी तिच्या बाजूने लागली.

आठ दिवस कडी निघाली नाही. तिखलं बंद. मी पानावर बसलो की बायको वरण वाढायची आणि म्हणायची, "घरपट्टी वाचवल्यात न्हय? घ्या आता तीच भाताबरोबर." नवव्या दिवशी तिने सरळच विचारलं, "थोड्याशा करासाठी तुम्ही भांडला असतात, गाय बांधली नसती. खरं काय ते सांगा." खरं काय ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आत्येला वेगळा नंबर मिळाला तर ते वेगळं घर झालं, माझं राहिलं नाही. आणि तिच्या मागे त्या दोन खोल्या रंगवून पर्यटकांना द्यायच्या, हा बेत माझ्या मनात कधीचा शिजत होता. बोलून टाकलं आणि माझी मलाच शरम वाटली. बायकोने वरणाचं भांडं माझ्या हाताजवळ सरकवलं.

ग्रामसभेला या खेपेस गर्दी होती, कारण वाढीव घरपट्टीवर मी बोलणार हे गावभर झालं होतं. लोकांना फुकटचा तमाशा हवाच असतो. आत्या बायकांच्या रांगेत मागे बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मी उभा राहिलो. खिशात दोन पानी भाषण होतं, ते तिथेच ठेवलं.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं. "माझ्या घराशेजारी गोठा म्हणून जे लिहिलंय तो गोठा नाही. ते माझ्या आत्येचं घर आहे. मी खोटं सांगितलं. तिच्या नावाने घरपट्टी लावा."

मग जो हशा उसळला! मागून कुणीतरी ओरडलं, "कंडक्टर, काढ आता डबल तिकीट!" दुसरा म्हणाला, "आणि गायीचा काय? तिका अर्धा तिकीट!" माझे कान तापले. पण कुणाला उलट बोललो नाही, हे त्या सभेतलं खरं आश्चर्य.

मॅडमनी कागद पुढे केला. "वेगळा घर नंबर द्यायचा तर मूळ घरमालकाची संमती लागेल. सही करा."

पेन हातात घेतलं तेव्हा रंगवलेल्या खोल्या, बाहेरची पाटी, पर्यटकांच्या गाड्या, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात. सही ठोकली, आणि अशी ठोकली की कागद फाटायचा राहिला. अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात आत्या उठली. पदर खांद्यावरून घेतला आणि मुंबईच्या घरांत ऐकून ऐकून शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "सरपंच, ते माझं राहतं घर आहे. त्याची योग्य ती आकारणी व्हावी, अशी माझी नम्र विनंती आहे." इथवर ठीक चाललं होतं. मग तिला राहवेना. "आणि कमी नको हां! शेजाऱ्याक जितको कर, तितकोच माका. फुकट रवल्यासारख्या नको. माका घरपट्टी व्हयी!"

घरपट्टी मागून घेणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग पुरुषांनीही वाजवल्या. माझं दोन पानी भाषण अजून त्या शर्टाच्या खिशात आहे.

दोन दिवसांनी मॅडम परत मोजायला आल्या. टेपचं एक टोक आत्येने स्वतः धरलं. "न्हाणी मोजलास? ओटी मोजलास? हो कोपरो रवलो बघ." मॅडम म्हणाल्या, "आजी, जेवढं जास्त मोजाल तेवढा कर जास्त बसेल." आत्या म्हणाली, "बसांदे! भिंती माझ्यो आसत." मी बाजूला उभा राहून पोट धरून हसत होतो.

पट्टी आली ती माझ्या अंदाजापेक्षाही जास्त आली. मी 'आवशीक खाव!' म्हणून तोंड उघडलं आणि आत्येचा चेहरा बघून मिटलं. तिने लग्नाकार्याची साडी नेसली, रिक्षा न करता चालत पंचायतीत गेली आणि पावती घेऊन आली. वाटेत जो भेटला त्याला ती वाचून दाखवली. आधी स्वतःचं नाव, अक्षर अक्षर लावून. मग घर नंबर. मग 'राहते घर' हे दोन शब्द, दोन दोनदा. नंबराचा पत्रा मी दारावर ठोकून दिला. तो तिरका ठोकला म्हणून माझ्याकडून काढून पुन्हा ठोकून घेतला. अबोलीची नवी रोपंही मीच आणून लावली.

मधल्या दाराची कडी निघालीच नाही. त्या दारापुढे तिने आता कपाट ठेवलंय. मला वाटलं राग गेला नाही. पण रविवारी सकाळी ती आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दुपारी दोघांय जेवूक येवा. बायरच्या दारान येवा."

आम्ही नवे कपडे घालून, बाहेर रस्त्यावरून वळसा घालून गेलो. अवघी वीस पावलं. ज्या घरात मी सहा वर्षं आतल्या दाराने, न विचारता, बनियनवर शिरत होतो, त्या घराच्या पहिल्या पायरीवर माझे पाय अडले. चपला काढल्या. आतून तिखल्याचा वास येत होता.

"आत्ये, येव काय गो?" मी हाक मारली.

पदराला हात पुसत ती दारात आली. एकदा नंबराच्या पत्र्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"येवा, येवा! घर आपलांच आसा!"