हुपोमोने आणि माझी रोवणी

त्या पावसाळ्यात मी देवावर रागावले होते, आणि देवापेक्षा जास्त त्याच्या माणसांवर. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. यांना, माझ्या नवऱ्याला, पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. एकोडीच्या घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे, "धीर धरा" म्हणायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. यांची कूस बदलायला कोणी कधी हात लावला नाही.

आमच्याकडे रोवणीचा रिवाज दिवसाला दिवस असा. मी तुझ्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवायला आले, तर तू माझ्या बांधीत येणार. यांना सोडून मला कुठे जाता आलं नाही, म्हणून माझ्याकडे येणारं कोणी नव्हतं. चिखलणी झाली होती, पण परे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यातच उंच होऊन पिवळे पडायला लागले होते. आणखी आठवडा गेला असता तर वर्षभर घरात खायला स्वतःचं धान राहिलं नसतं.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका धीर हाच विषय घेतला. ते नागपूरचे, तरुण, बरेच शिकलेले. म्हणाले, नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द हुपोमोने. त्यात खाली आणि राहणं असे दोन अर्थ जोडलेले आहेत. निमूट सोसणं नव्हे, ओझ्याखाली जागा न सोडता टिकणं. माझं डोकंच फिरलं. उपासना संपल्यावर सगळ्यांदेखत त्यांना दारात गाठलं.

"पाळकसाहेब, खाली तर मीच आहो जी. तुमी वर उभे राहून मले कायले शिकवता? माहे परे सडून राहिले तिकडं."

घरी येऊन मी बायबल फळीवर टाकलं. प्रार्थना केली नाही, करायचीच नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी बघते तर घराला लागून असलेल्या माझ्या बांधीत पाळकसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. सोबत त्यांची पत्नी आणि तिच्या पवनीच्या माहेरच्या मोहल्ल्यातल्या काही बौद्ध बाया. आमच्या चर्चशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मी म्हटलं, "मी तुमच्या बांधीत कदी आली नाई, येऊ बी शकत नाई. हा दिवस फेडू कसा?"

त्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "कोन मांगून राहिला तुले? पऱ्याची पेंडी दे इकडं."

पाळकसाहेबांची रोवणी बघवत नव्हती. रोपं चिखलात दाबायची सोडून ते नुसती टेकवत होते, ती मागे पाण्यावर तरंगत होती. मी रागावले, "साहेब, नीट खोचा नं जी." ते वळून पुन्हा लावायचे. दुपारी कंबर धरली तरी बांधावर जाऊन बसले नाहीत. रविवारचा शब्द मला तेव्हा कळला. संध्याकाळपर्यंत बांधी रोवून झाली.

आमचे हे पुढे बरे झाले नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी बसून फुकटचा धीर वाटणाऱ्यांचा मला आजही संताप येतो, आणि देवालाही येत असावा असं वाटतं. पण त्याचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही. मी मागितलं नव्हतं, उलट भांडले होते, तरी त्याने माणसं पाठवली. आपण दिलेल्या दिवसांवरच आपलं शेत उभं राहतं, ही माझी घमेंड त्या चिखलात गेली. आता कोणी हात द्यायला आलं की मी फेड कशी करू म्हणून विचारत नाही. येऊ देते.