बांधून ठेवलेली माफी

नारायणभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, आधी धडकीच भरली. आता आमचं एक राहून गेलेलं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं होतं.

भाऊंच्या वाशिमच्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. साप्ताहिक चार पानांचं, पण दरारा मोठा. भाऊ शाईच्या हातानंच पाहुण्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि वर म्हणायचे, "घ्या, छापलं तुमाले!" ते जिल्हा परिषदेला उभे राहिले त्याच दिवसांत आम्ही बातमी छापली, की मेडशीच्या वानखडे गुरुजींनी शाळेचा तांदूळ विकला. पंधरवड्यात कळलं, गुरुजींनी दाणाही विकला नव्हता. भाऊंनी स्वतः माफी लिहिली, मी जुळवली. ऐन छापायच्या वेळी म्हणाले, "थांब. निवडनूक होऊ दे."

छपाई झाली की खिळे सोडून परत खणात टाकायचे, हा आमचा रोजचा धर्म. ही माफी छापलीच नव्हती, म्हणून सुतळीनं बांधून फळीवर ठेवली. भाऊ निवडून आले, सभापती झाले, ऑफसेट छपाई आली, खिळे भंगारात गेले. तेवढी जुडी राहिली. दर निवडणुकीआधी भाऊ येऊन विचारायचे, "बांधेल हाये ना?" मी 'हो' म्हटलं की चहा न घेताच निघायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही.

दवाखान्यात शेवटी हात धरून म्हणाले, "मले हिंमत नाई झाली गड्या. तू छापून टाक."

आता जो तो म्हणत होता, साप्ताहिकात भाऊंवर चार चांगले शब्द लिहा. मेलेल्याची अब्रू काढायची, की जिवंत माणसाची अडवून धरायची? मी मेडशीची एसटी धरली. गुरुजी ओट्यावर तूर निवडत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मले वाटे, मी मेल्यावरच छापसान तुमी. भाऊच पयले गेले... काय लिहेल हाये, वाचा तं."

जुडीवरून कागदावर उतरवून आणलेली माफी मी वाचली. गुरुजींनी मान हलवली आणि एवढंच विचारलं, "याच्यात तुमचं नाव कुठी हाये? ते तांदळाची गोष्ट तं छापखान्यात तुमीच नेली होती."

खरं आहे. भाऊंनी सगळी चूक स्वतःच्या नावावर लिहून ठेवली होती, आणि इतकी वर्षं मी ती तशीच राहू दिली. म्हणून त्यांच्या मजकुरात माझ्या दोन ओळी घालतो: वानखडे गुरुजींची बातमी खोटी होती. एसटीत ऐकून, कुणालाही न विचारता, ती मी आणली होती.